गोटी गोल कशी झाली

गोटी ही वस्तू आपल्याकडे कुणाला नवी नाही. साक्रीच्या बाजारामागची मोकळी जागा असो, पिंपळनेरची गल्ली असो की एखाद्या पाड्यावरचे अंगण असो, मातीत बोटभर खळगा केलेला दिसला की त्याच्याभोवती चार पोरे उकिडवी बसलेली असायचीच. कुणी मास्तरांनी खिसे तपासले, तर पाटीच्या पेन्सिलीबरोबर दोन गोट्या हमखास निघायच्या. इतकी ही सवयीची वस्तू. म्हणूनच तिच्याविषयी एक साधा प्रश्न आपण कधी विचारत नाही. हा प्रश्न असा की, काचेची गोटी इतकी गोल होते तरी कशी?

मातीची गोळी तळहातावर वळता येते. लाडू वळता येतो. पण काच वळण्याजोगी मऊ होते ती हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेला. तिला हात लावायची सोय नाही. बरे, साच्यात ओतावी म्हटले, तर साच्याच्या दोन भागांची शीव गोटीवर उमटते आणि अशी गोटी सरळ धावत नाही. मग हे जमवले कुणी आणि कसे? त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. तो आपल्याच जमिनीपासून सुरू करता येतो.

आपल्या भाषेत 'गारगोटी' असा शब्द आहे. गार म्हणजे चकमकीचा कठीण पांढरा दगड आणि त्याचा गोटा म्हणजे गारगोटी. काचेची गोटी येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द होता. साक्री तालुक्यात फिरताना काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती माळावर उभ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे थर पसरले. त्या काळी जमिनीला पडलेल्या भेगांत रस शिरून थिजला, त्याच या भिंती. थरांमध्ये वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर वाळूचेच द्रव्य, म्हणजे सिलिका, त्या पोकळ्यांत साठत गेले. त्यातून गारगोट्या झाल्या, स्फटिक झाले आणि पट्टेदार अकीकही झाला.

या अकीकाला गोल करण्याची कला आपल्या शेजारच्या गुजरातेत फार जुनी आहे. भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणींतला अकीक खंबायतेला जाई. तेथील कारागीर तो भाजून लाल करीत, ठोकून आकार देत आणि मग शेकडो मणी एका चामडी पिशवीत भरून त्यांत अकीकाची पूड व पाणी घालीत. दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटीत राहत. मणी एकमेकांना घासून गुळगुळीत होत. युरोपातही दगडी गोट्या साधारण याच तत्त्वावर होत, मात्र तेथे माणसाऐवजी पाणी राबे. आल्प्स पर्वतात उंटर्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी अशी एक पाणचक्की १६८३ सालापासून आहे. खाली खाचा पाडलेला दगड, वर लाकडी चाक, मध्ये दगडाचे ओबडधोबड तुकडे. ओढ्याच्या धारेने चाक फिरते आणि तुकडे घासून गोल होतात. इंग्रजीत गोटीला 'मार्बल', म्हणजे संगमरवर, म्हणतात ते या दगडी गोट्यांमुळेच.

या रीतीतली मेख ध्यानात घ्या. वस्तू सर्व अंगांनी फिरत राहिली, तरच ती गोल होते. काचेच्या गोटीचे मर्मही हेच आहे. फक्त तेथे घासायचे नसते, काच निवण्याच्या आत तिला फिरवायचे असते.

काच म्हणजे काय, तर वितळलेली वाळू. पण नुसती वाळू वितळवायला सतराशे अंशांवर जावे लागते. तिच्यात सोडाखार मिसळला की ती कमी उष्णतेला वितळते, आणि चुनखडी घातली की तयार काच पाण्याने विरत नाही. वाळू, खार आणि चुना, या तीन जिनसांची काच होते. मग कुणी म्हणेल, आमच्या पांझरेत आणि कान नदीत वाळू थोडी का आहे? आहे, पण ती काळ्या खडकाची वाळू. तिच्यात सिलिका कमी आणि लोह फार. ती वितळवली तर काळपट काच होईल, आरपार दिसणारी होणार नाही. लोहाचा थोडा अंश राहिला तरी काच हिरवट होते. जुन्या सोड्याच्या बाटलीची हिरवी झाक या लोहामुळेच आलेली असते. २०१३ साली साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर वीज प्रकल्प उभा राहिला, तो अनेकांनी पाहिला असेल. सौर पट्ट्यांवर जी काच वापरतात, तिच्यात लोह मुद्दाम फार कमी ठेवतात, कारण लोह जितके जास्त तितका सूर्यप्रकाश काचेतच अडतो.

आता तव्यावर पाण्याचा थेंब उडवून पाहा, किंवा अळूच्या पानावर पाहा. थेंब आपोआप गोळा होतो. पातळ पदार्थाच्या अंगी स्वतःला आवळून घेण्याचा गुण असतो. वितळलेल्या काचेतही तो आहे. पण काचेचा गोळा जड असतो. तो एका जागी ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो आणि भाकरीच्या गोळ्यासारखा खालून चपटा होतो. फिरत ठेवला तर बसायला सवड मिळत नाही. दाट पाकासारखी मऊ असताना फिरायला लागायचे आणि दगडासारखी कठीण होईपर्यंत थांबायचे नाही, असे हे काम आहे.

जर्मनीतल्या लाउशा गावाने हे प्रथम मोठ्या प्रमाणावर साधले. या गावात १५९७ पासून काचभट्टी होती. १८४० नंतरच्या दशकात तेथील ग्रायनर घराण्यातल्या एका कारागिराने एक खास कात्री काढली. तिच्या एका पात्याला वाटीसारखा खोलगट भाग होता. रंगीत काचेचे धागे स्वच्छ काचेत गुंफून, पीळ देऊन, लांब कांडी ओढायची. तिचे टोक तापवून वाटीत धरायचे, फिरवून गोल करायचे आणि कात्रीने तोडायचे. मग त्या गोट्या पिंपात घालून फिरवायच्या. अशा गोटीच्या दोन टोकांना, पृथ्वीच्या दोन ध्रुवांसारखे, बारीक खडबडीत डाग राहत. तेथे ती कांडीपासून तोडलेली असे. आज जुन्या गोट्या जमवणारे शौकीन गोटी हातात घेतली की आधी हा डाग शोधतात. तो सापडला, तर गोटी माणसाच्या हातची.

पुढची पायरी अमेरिकेत पडली. ओहायो प्रांतातल्या ॲक्रन शहरी मार्टिन क्रिस्टेन्सन नावाचा गृहस्थ होता. सायकलीच्या चाकात जे पोलादी छर्रे असतात, तसे छर्रे करण्याचे यंत्र त्याने आधी काढले होते. पोलादाला जे लागू पडले ते काचेला का पडू नये, असा विचार करून त्याने गोट्यांचे यंत्र काढले आणि १९०५ साली त्याचे पेटंट मिळवले. पण भट्टीतून काच काढून यंत्रावर टाकायला अजून माणूस लागे. थोड्याच वर्षांत तेही काम यंत्राकडे गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, जर्मन गोट्या अमेरिकेत येईनाशा झाल्या आणि तिकडच्या कारखान्यांना रान मोकळे मिळाले.

आजचे यंत्रही मुळात तसेच आहे. भट्टीच्या तळाच्या भोकातून काचेची जाड धार खाली येते. कात्री ठरावीक वेळाने तिचे सारखे तुकडे करते. ते तुकडे दोन लोखंडी रुळांवर पडतात. रूळ शेजारी शेजारी असतात, दोन्ही एकाच दिशेला फिरतात आणि त्यांवर स्क्रूच्या आट्यांसारखी पन्हळ कोरलेली असते. तुकडा त्या पन्हळीत गडगडत पुढे सरकतो. या टोकाला लाल लिबलिबीत गोळा, त्या टोकाला घट्ट गोल गोटी. मध्ये स्वच्छ आणि बाजूला रंगीत पाकळ्या असलेली जी 'मांजरडोळा' गोटी आपण पाहतो, तिच्यात स्वच्छ काचेच्या धारेतच रंगीत काच सोडलेली असते. ही युक्ती जपानी कारखान्यांनी १९५० च्या सुमारास जगभर नेली.

शेवटी गोट्या हळूहळू निववाव्या लागतात. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती ताडकन तडकते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. गोटीचेही तेच. बाहेरून लवकर थंड झाली आणि आतून गरम राहिली, तर अंगात ताण राहतो आणि पहिल्याच टोल्याला तिचे दोन तुकडे होतात.

आता आपल्या देशाकडे वळू. काच आपल्याला परकी नव्हती. नेवासे, पैठण, तेर या जुन्या गावांच्या उत्खननांत सातवाहनांच्या काळातले काचेचे मणी सापडले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात काचेचे दागिने अंगावर होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या बायकांच्या हातांतल्या पुष्कळ बांगड्या ऑस्ट्रियाच्या होत्या आणि घरातल्या दिव्याची चिमणी परदेशी होती. गोटीसोड्याच्या बाटलीची युक्तीही तिकडचीच. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात गोटी, वर रबराचे कडे. सोड्यातला वायू आतून गोटीला वर दाबतो आणि गोटीच बूच होते. गोटी जराशी वाकडी असली, तर वायू निसटतो आणि सोडा फुकट जातो. गोलपणा हा येथे खेळाचा विषय राहत नाही, धंद्याचा होतो.

मग ही विद्या आपल्याकडे परत आणायची कशी? भांडवल कुठले? यावर अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एक साधा हिशेब मांडला. माणशी वर्षाला एक पैसा द्या. एका पैशाने कुणी गरीब होत नाही, पण गावोगावचे पैसे एकत्र झाले तर कारखाना उभा राहतो. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. हाच 'पैसा फंड'. त्यातून १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख झाले.

या कारखान्याची खरी कमाई कुठली म्हणाल, तर तो कारखाना आणि शाळा दोन्ही होता. काचेचे काम जगभर घराण्यात लपवून ठेवलेले असे. बाप मुलाला सांगे, शेजाऱ्याला सांगत नसे. तळेगावला ते उघड शिकवले गेले. भट्टी कशी बांधावी, मिश्रण किती घ्यावे, फुंकणी कशी धरावी, हे शिकून माणसे हिंदुस्थानभरच्या कारखान्यांत गेली. १९१६ साली कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील वीज येण्याआधी कितीतरी खेड्यांत लागत असे. तो कारखाना पुढे बंद पडला, पण ओगलेवाडी हे गावाचे नाव राहिले.

याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. काचभट्टीपुढचे काम उष्णतेचे, डोळ्यांना आणि छातीला त्रासाचे. उत्तर प्रदेशातले फिरोजाबाद हे काचकामाचे मोठे ठिकाण. तेथे एके काळी लहान मुलेही तापलेल्या काचेच्या सळ्या घेऊन भट्टीपुढे धावत. त्यांना शाळा नव्हती. १९८६ साली बालकामगारांविषयीचा कायदा झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे मना झाले. घरच्या कामात शाळेव्यतिरिक्त केलेली मदत, अशा मोजक्या सवलती त्यात आहेत. कायदा कागदावर आला म्हणजे काम संपले असे नाही, हे शिक्षकांना मी सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामात वर्गातल्या किती जागा रिकाम्या पडतात, हे त्यांनी पाहिलेले असते. मुलाच्या हातात गोटी खेळायला असावी. ती घडवण्याचे काम त्याच्या हाताला लागू नये.

शिक्षक मित्रांनी एक करावे. पुढच्या वेळी एखाद्या पोराच्या खिशातून गोटी निघाली, तर ती जप्त करून कपाटात टाकू नये. ती उजेडात धरून वर्गाला दाखवावी. हिरवी झाक दिसली तर लोहाविषयी बोलता येईल. आत बुडबुडा असेल तर भट्टीविषयी आणि आपल्या खडकातल्या पोकळ्यांविषयी बोलता येईल. शेजारी नदीतली एक गारगोटी ठेवावी आणि विचारावे, या दोघींत काय सारखे आणि काय वेगळे? भूगोल, विज्ञान आणि इतिहास असे तीन तास त्या एका गोटीत निघतील. तास झाला की मात्र ज्याची गोटी त्याला परत द्यावी.