वॉल्टनचे केस, वुडनचा कायदा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही जुन्या फॅनसमोर बिल वॉल्टनचं नाव काढा, पाच मिनिटांत तो तुम्हाला केसांचा किस्सा ऐकवणार म्हणजे ऐकवणारच. साल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. स्थळ लॉस एंजेलिसमधलं यूसीएलए. वॉल्टन म्हणजे सहा फूट अकरा इंच उंचीचा, लाल केसांचा, देशातला सगळ्यात भारी कॉलेज खेळाडू. हा पठ्ठ्या सुट्टीनंतर उगवला तो केस-दाढी वाढवून. कोच जॉन वुडन यांचा नियम सरळ होता: केस आखूड, दाढी नाही. केस किती ठेवायचे हा माझा हक्क आहे, असं वॉल्टनने सुनावलं. वुडन शांतपणे म्हणाले की हक्क तुझाच आहे, पण संघात कोण खेळणार हे ठरवायचा हक्क माझा, आणि आम्हाला तुझी आठवण येईल. वॉल्टनने सायकलवर टांग मारली आणि थेट न्हावी गाठला. पुढे दोघांनीही हा किस्सा आयुष्यभर चवीने सांगितला. (आपल्याकडच्या पीटीच्या सरांनी हक्कांची चर्चाच केली नसती, थेट कल्ले धरले असते.)

आता गंमत अशी की वॉल्टन शाळेत असल्यापासून ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा अट्टल भक्त. आयुष्यात त्याने त्यांचे आठशेच्या वर कॉन्सर्ट पाहिले. मे १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत त्याला अटकही झाली. त्यामुळे लोक सरळ दोन पक्ष पाडून मोकळे होतात. एकीकडे रॉक, केस, स्वातंत्र्य; दुसरीकडे वुडन, शिस्त, तुरुंग. मधे अडकलेला बिचारा वॉल्टन.

मला ही मांडणी अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की वॉल्टनला वुडन आणि डेड या दोघांकडे एकच गोष्ट सापडली होती.

आधी वुडन. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सात सलग. मूळचा हा माणूस शाळेत इंग्रजी शिकवणारा. सीझनच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना काय शिकवायचे, तर पायमोजे कसे घालायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. देशभरातून निवडून आलेली पोरं एकमेकांकडे बघत बसायची. रोजची प्रॅक्टिस छोट्या कार्डावर मिनिटामिनिटाने आखलेली, कुठला ड्रिल किती मिनिटं ते ठरलेलं. पण मॅच सुरू झाली की हेच वुडन हातात कागदाची सुरळी घेऊन बाकावर बसलेले. टाइमआउट घ्यायला फारसे उत्सुक नसत. आपलं काम प्रॅक्टिसमध्ये संपलं, आता खेळ पोरांचा, असा त्यांचा हिशोब.

२६ मार्च १९७३ ची सेंट लुईसमधली फायनल बघा. समोर मेम्फिस स्टेट. हाफटाइमला ३९-३९ अशी बरोबरी आणि वॉल्टन फाउलच्या अडचणीत. शेवटी यूसीएलए ८७-६६ ने जिंकलं आणि वॉल्टनने २२ पैकी २१ बास्केट मारून ४४ पॉइंट केले. बावीसपैकी एकवीस! तेही कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक मारायला बंदी होती त्या काळात (१९६७ ते १९७६ ही बंदी होती). म्हणजे रिंगच्या वर हात नेऊन चेंडू आत कोंबायची सोय नाही, अलगद सोडायचा. गार्ड ग्रेग लीच्या नावावर त्या दिवशी १४ असिस्ट आहेत. बाकावरून कोणी ओरडून असे पास करून घेऊ शकत नाही.

थोडं पाणीही घालतो या दुधात, नाहीतर नुसती भक्ती होईल. तेव्हाची स्पर्धा आजच्यासारखी ६८ संघांची नव्हती. १९७३ मध्ये २५ संघ होते आणि यूसीएलएला विजेतेपदासाठी चारच मॅच जिंकाव्या लागल्या. आज सहा लागतात. आणि वुडनना संत म्हणणारे सॅम गिल्बर्ट हे नाव टाळतात. हा श्रीमंत बिल्डर खेळाडूंवर नियमबाह्य मेहेरबानी करायचा. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, एनसीएएने यूसीएलएला शिक्षा केली आणि गिल्बर्टशी संबंध तोडायला लावले. पायमोज्याच्या सुरकुतीवर लक्ष असलेल्या माणसाला हे दिसलं नसेल? मला शंका आहे.

असो. आता डेड. यांचे स्टुडिओ अल्बम ऐकून मत बनवू नका, ते बरेचसे मिळमिळीत आहेत. खरा माल लाइव्ह. १९६५ ते १९९५ मध्ये दोन हजारांहून जास्त कॉन्सर्ट झाले आणि गाण्यांची यादी रोज वेगळी. स्टेजवर चढेपर्यंत पुढे काय वाजणार हे बँडलाही नीट ठाऊक नसायचं. एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटं वाहत जायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मस्त, मनाला येईल ते वाजवतायत! इथेच फसगत होते. जेरी गार्सिया तरुणपणी बँजोचा वेड्यासारखा सराव करायचा, तोही लहानपणीच उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गमावलेलं असताना. आणि बँडचा ड्रमर मिकी हार्ट तालाचं गणित शिकायला कोणाकडे गेला माहितीये? आपल्या मुंबईच्या उस्ताद अल्लारखांकडे, १९६७ मध्ये. त्यानंतर डेडच्या संगीतात विषम मात्रा घुसल्या. १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' अल्बमवर 'द इलेव्हन' नावाचं गाणं आहे, नावाप्रमाणे अकराच्या चक्रात फिरणारं. सात गिटार-ड्रमवाले एका अकराच्या चक्रात मोकळे सुटून पुन्हा समेवर भेटतात, हे आदल्या दिवशी भेटून जमत नाही मंडळी.

पुढे अल्लारखांचे चिरंजीव झाकीर हुसेन अमेरिकेत गेले. त्यांच्या आणि हार्टच्या डिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम १९७६ मध्ये आला, त्यात गार्सियाही वाजवतो. त्यातल्याच एका रचनेतून डेडचं 'फायर ऑन द माउंटन' हे गाणं तयार झालं. 'वाह ताज'वाले झाकीरभाई आपल्याला ठाऊक असतात, हे झाकीरभाई फारसे नसतात.

तबल्यात 'कायदा' नावाचा प्रकार असतो. एक बंदिश घ्यायची आणि तिचे पलटे करत जायचे, पण अट अशी की कायद्यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. अर्थ सरळ नियम, आणि नाव आहे विस्ताराच्या पायाला! नवखा माणूस चार पलट्यांत संपतो, उस्ताद अर्धा तास खेळवतो. वुडनचं कार्ड मला हेच वाटतं. ठरावीक पास, ठरावीक कट, हजारदा घोटलेले. मग मॅचमध्ये त्यांचे पलटे.

हे दोन्ही एका छपराखालीही घडून गेलंय. १७ नोव्हेंबर १९७३ ला ग्रेटफुल डेड वाजले ते पॉली पॅव्हेलियनमध्ये, यूसीएलएच्या घरच्या कोर्टावर, वॉल्टनच्या शेवटच्या सीझनच्या तोंडावर. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुढे अधिकृतपणे निघालं, जरूर ऐका.

तो सीझन मात्र विस्कटला. १९ जानेवारी १९७४ ला नोत्र दामविरुद्ध यूसीएलए ७०-५९ असं पुढे होतं, साडेतीन मिनिटांच्या आसपास शिल्लक. नोत्र दामने सलग बारा पॉइंट काढले आणि ७१-७० ने मॅच घेतली. ८८ सलग विजयांची मालिका तिथे तुटली. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. मार्चमध्ये सेमीफायनलला नॉर्थ कॅरोलिना स्टेटने दोन ओव्हरटाइमनंतर ८०-७७ ने हरवलं. तीन वर्षांत ८६ विजय आणि चार पराभव, आणि वॉल्टन म्हातारपणापर्यंत त्या चारांबद्दलच बोलत राहिला.

पुढे एनबीएमध्ये पोर्टलँडला १९७७ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं, १९७८ मध्ये एमव्हीपी झाला, आणि पायाने दगा दिला. त्या सप्टेंबरात डेड इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी वाजले तेव्हा जायबंदी वॉल्टन तिथे हजर. पुढची कित्येक वर्षं ऑपरेशनं, एकूण तीसच्या वर. पाठीच्या दुखण्याने असा लोळवला की आत्महत्येचे विचार येत होते, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं. त्यात हा माणूस अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत तोतरा. बोलणं त्याने ड्रिलसारखं पायरीपायरीने शिकून घेतलं आणि मग कॉमेंटेटर झाला. काय बोलायचा! फास्ट ब्रेक चालू असताना ज्वालामुखी, नद्या, जेरी गार्सिया, काहीही. बऱ्याच लोकांच्या तो डोक्यात जायचा. मला ते विस्कळीत कधीच वाटलं नाही. फिरून समेवर यायचा तो बरोबर.

आणि वुडन? केसांवरून भांडणारा हा पोरगा बाप झाल्यावर आपल्या चार मुलांच्या डब्याच्या कागदी पिशव्यांवर वुडनची वचनं लिहून द्यायचा. वुडन २०१० मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी गेले, तोवर दोघांचं फोनवर बोलणं चालू होतं.

वॉल्टन २७ मे २०२४ ला कर्करोगाने गेला. त्याच उन्हाळ्यात त्याची लाडकी पॅक-१२ कॉन्फरन्स फुटली. टीव्हीच्या पैशांसाठी यूसीएलए बिग टेनमध्ये गेलं, आणि लॉस एंजेलिसची पोरं आता 'आपल्या' कॉन्फरन्सची मॅच खेळायला न्यू जर्सीपर्यंत विमानाने जातात. वॉल्टनने या निर्णयावर आधीच जाहीर टीका केली होती. डिसेंबरात झाकीरभाईही गेले. पण वॉल्टन गेला त्या आठवड्यात लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये डेड अँड कंपनीचे कॉन्सर्ट चालू होते. तिथल्या अवाढव्य पडद्यावर त्यांनी वॉल्टनची छायाचित्रं दाखवली. खाली ड्रम्सवर मिकी हार्ट होता, वय वर्षं ८०.