एका रस्त्यावर एकच हत्तीण, पुढे गेलात की सहाशे हत्ती: दक्षिण आफ्रिकेचा 'गार्डन रूट' नेमका काय आहे?

रील्समध्ये हा रस्ता तुम्ही नक्की पाहिला असेल. एका बाजूला हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. एक जण पुलावरून बंजी उडी मारतोय, पुढच्या शॉटमध्ये व्हेल मासा शेपूट उचलतोय आणि शेवटी उघड्या जीपसमोर हत्तींचा कळप. खाली लिहिलेलं असतं, 'गार्डन रूट, साऊथ आफ्रिका'.

सात-आठ दिवस, दहा-बारा जणांचा गट, एक मिनीबस आणि रोज नवीन मुक्काम. समुद्र, साहस आणि सफारी हे सगळं एकाच सहलीत मिळत असल्यामुळे भारतातूनही अनेक जण हा पर्याय निवडू लागले आहेत.

पण या सहलीत नेमकं काय दिसतं? त्यातलं खरंखुरं जंगली काय आणि पर्यटकांसाठी मांडलेलं काय? आणि याच रस्त्यावर हत्तींच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी का सापडतात? सोप्या शब्दांत समजून घेऊ.

गार्डन रूट कुठे आहे?

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याला धरून 'एन-२' नावाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यातला मॉसेल बे ते स्टॉर्म्स रिव्हर हा साधारण २०० किलोमीटरचा पट्टा म्हणजे गार्डन रूट. इथे वर्षभर थोडाफार पाऊस पडतो, त्यामुळे हा भाग कायम हिरवा असतो. नावातली 'गार्डन' तिथून आली.

प्रत्यक्षात बहुतेक सहली केप टाऊनहून निघतात आणि पोर्ट एलिझाबेथजवळ संपतात. या शहराचं अधिकृत नाव २०२१ पासून गेबेऱ्हा असं झालंय. केप टाऊन ते गेबेऱ्हा हे अंतर साधारण ७५० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाण्यापेक्षा थोडं कमी. पण वाटेत इतके थांबे आहेत की पाच ते आठ दिवस सहज लागतात.

आपल्यासाठी एक सोयीची गोष्ट म्हणजे तिथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. आणि या संपूर्ण किनारपट्टीवर मलेरियाचा धोका नाही. क्रूगरसारख्या उत्तरेकडच्या सफारीपेक्षा लहान मुलं असलेली कुटुंबं हा भाग निवडतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

या रस्त्याचा भारताशी काय संबंध?

१४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेऊ डियाश आफ्रिकेला वळसा घालून मॉसेल बेला पोहोचला. १४९७ मध्ये वास्को द गामा इथेच थांबला आणि पुढच्या वर्षी कालिकतला उतरला.

मॉसेल बेमध्ये आजही एक जुनं मिल्कवूडचं झाड दाखवतात. १५०० मध्ये एका पोर्तुगीज कप्तानाने या झाडापाशी एक पत्र ठेवलं होतं, असं सांगितलं जातं. पुढच्या वर्षी भारताकडे निघालेल्या जोआओ द नोव्हाला ते सापडलं. म्हणून त्याचं नाव 'पोस्ट ऑफिस ट्री'. गोव्यात पुढे साडेचारशे वर्षं टिकलेल्या पोर्तुगीज सत्तेचा समुद्रमार्ग याच किनाऱ्यावरून गेला होता.

वाटेत काय काय लागतं?

केप टाऊन सोडल्यावर पहिला मोठा थांबा असतो हर्मानस. जून ते नोव्हेंबर या काळात 'सदर्न राइट' जातीचे व्हेल पिल्लांना जन्म द्यायला या किनाऱ्याजवळ येतात. बोटीत बसायचीही गरज नसते, गावातल्या कड्यावरून ते दिसतात.

हर्मानसच्या वाटेवर बेटीज बेला आफ्रिकन पेंग्विनची वसाहत आहे. हे पेंग्विन जरूर बघा, कारण त्यांची संख्या झपाट्याने घटते आहे. २०२४ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' प्रजातींच्या यादीत टाकण्यात आलं.

मॉसेल बेनंतर रस्ता विल्डरनेस, नाइस्ना आणि प्लेटेनबर्ग बे या गावांमधून जातो. प्लेटेनबर्ग बेजवळच्या रॉबर्ग अभयारण्यात कड्यावरून चालत जाता येतं आणि खाली खडकांवर शेकडो सील लोळताना दिसतात.

साहसाचा भाग कुठे येतो?

प्लेटेनबर्ग बेच्या पुढे ब्लाऊक्रान्स नदीवर एक कमानीचा पूल आहे. याच पुलावरून २१६ मीटरची बंजी उडी मारतात. कुतुबमिनारची उंची साधारण ७३ मीटर आहे. म्हणजे जवळपास तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले की जेवढी उंची होईल, तेवढी.

त्यापुढे त्सित्सिकामा. हा खोइखोइ लोकांच्या भाषेतला शब्द आहे, अर्थ 'भरपूर पाण्याची जागा'. इथला समुद्र १९६४ पासून संरक्षित आहे. स्टॉर्म्स नदीच्या मुखावर ७७ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. बंजीची हिंमत नसेल तर हा पूल आणि तिथली कयाक सफर पुरेशी थरारक आहे.

चालण्याची आवड असलेल्यांसाठी इथूनच पाच दिवसांची 'ऑटर ट्रेल' सुरू होते. ती किनाऱ्याने जाते आणि वाटेत नद्या पायी ओलांडाव्या लागतात, त्यासाठी ओहोटीची वेळ गाठावी लागते. एका दिवशी फक्त १२ जणांनाच ती सुरू करता येते. त्यामुळे बुकिंग खूप आधी करावं लागतं आणि साध्या गटसहलींमध्ये ती नसते.

'शार्क दिसेल' असं सांगितलं तर?

इथे थोडं सावध राहा. या किनाऱ्यावर पिंजऱ्यात बसून 'ग्रेट व्हाईट' शार्क पाहण्याची सोय अनेक वर्षं प्रसिद्ध होती. पण २०१७ मध्ये गान्सबाय परिसरात या शार्कचे मृतदेह किनाऱ्याला लागले. त्यांच्या शरीरातून यकृत काढून खाल्लेलं होतं. हे काम ऑर्का, म्हणजे 'किलर व्हेल'चं असल्याचं समोर आलं. २०२२ मध्ये मॉसेल बेजवळ अशी शिकार कॅमेऱ्यातही टिपली गेली.

त्यानंतर गान्सबायसारख्या जुन्या ठिकाणी ग्रेट व्हाईट दिसणं फार कमी झालंय. आता तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचे शार्क दिसतात. त्यामुळे जाहिरातीत ग्रेट व्हाईटचा फोटो असेल, तर 'गेल्या काही महिन्यांत कोणते शार्क दिसले?' हे आधी विचारा.

नाइस्नाची एकटी हत्तीण

आता या रस्त्यावरच्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ.

नाइस्नाच्या आसपास घनदाट जंगल आहे. एकोणिसाव्या शतकात इथे शेकडो हत्ती होते. पुढे हस्तिदंतासाठी शिकार झाली, इमारती लाकडासाठी जंगल तोडलं गेलं, शेती वाढली. हत्ती उरलेल्या जंगलात मागे सरकत गेले आणि कमी होत गेले.

१९९४ मध्ये क्रूगरमधून तीन तरुण हत्ती आणून इथे सोडले होते. त्यातला एक मेला. उरलेले दोघे जंगल सोडून शेतांकडे जाऊ लागले आणि शेवटी त्यांना दुसरीकडे हलवावं लागलं.

२०१६-१७ मध्ये संशोधकांनी या जंगलात कॅमेरे लावले. वर्षभराहून जास्त काळ त्यांनी हत्तींच्या वाटांवर पाळत ठेवली. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. प्रत्येक फोटोत एकच हत्ती होता, साधारण ४५ वर्षांची एक मादी.

हत्तिणी आयुष्यभर कळपात राहतात. मुली आईसोबत, नाती आजीसोबत. या हत्तिणीला कळपच उरलेला नाही. सहलीची मिनीबस या जंगलाला लागून असलेल्या महामार्गावरून जाते, तेव्हा ती कुठेतरी आत असेल. पण ती पर्यटकांना दिसत नाही आणि तिला शोधायला जाणंही योग्य नाही.

अ‍ॅडोचे सहाशे हत्ती

गेबेऱ्हापासून साधारण ७० किलोमीटरवर अ‍ॅडो एलिफंट नॅशनल पार्क आहे. बहुतेक सहलींची सफारी इथेच होते. इथे आज सहाशेहून जास्त हत्ती आहेत.

पण इथली सुरुवातही वाईटच होती. या भागात शेती वाढली तशी हत्ती पिकात घुसू लागले. १९१९ मध्ये सरकारने मेजर प्रिटोरियस नावाच्या शिकाऱ्याला हत्ती संपवायचं काम दिलं. वर्षभरात त्याने शंभरहून जास्त हत्ती मारले. १९३१ मध्ये पार्क जाहीर झालं, तेव्हा फक्त ११ हत्ती उरले होते.

पार्क झालं तरी हत्ती बाहेर जातच होते. त्यांना आत ठेवण्यासाठी संत्री टाकली जायची. त्याची इतकी चटक लागली की हत्ती संत्र्यांसाठी भांडू लागले. शेवटी हे खाणं बंद करण्यात आलं. आजही पार्कमध्ये संत्री, मोसंबी, लिंबू अशी फळं नेता येत नाहीत. सहलीच्या डब्यात संत्रं असेल, तर गेटवर काढून ठेवावं लागतं.

मग अ‍ॅडोचे हत्ती वाचले कसे?

उत्तर आहे, कुंपण. १९५४ मध्ये पार्कचे व्यवस्थापक ग्रॅहम आर्मस्ट्राँग यांनी ट्रामचे जुने रूळ आणि लिफ्टचे पोलादी दोर वापरून हत्तींना न तोडता येणारं कुंपण बांधलं. आत होते २२ हत्ती आणि २,२७० हेक्टर जमीन. शेतकऱ्यांचं पीक वाचलं आणि हत्तींचा जीवही.

त्यानंतर आसपासची जमीन घेत पार्क वाढवत नेलं. आज ते दीड लाख हेक्टरहून मोठं आहे. २००३ मध्ये सिंहही परत आणले गेले.

अर्थात, कुंपणाची किंमतही होती. हापूर नावाचा एक नर हत्ती १९४४ ते १९६८ अशी २४ वर्षं इथल्या कळपाचा प्रमुख होता. कानाचा तुकडा गेलेला होता, म्हणून हे नाव. दुसऱ्या नराने त्याची जागा घेतल्यावर तो एकटा पडला आणि १९६८ मध्ये कुंपण ओलांडून बाहेर गेला. त्याला गोळी घालण्यात आली. आज पार्कमधल्या एका पाणवठ्याला त्याचं नाव आहे.

आणखी एक खूण तुम्हाला सफारीत स्वतः पाहता येईल. अ‍ॅडोच्या बहुतेक हत्तिणींना सुळे नाहीत. मोठे सुळे असलेले हत्ती आधी मारले गेले आणि सगळा कळप मोजक्या हत्तींपासून वाढला, हे त्यामागचं कारण मानलं जातं.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात आणि माड-केळीच्या बागांचं नुकसान होतं. अ‍ॅडोचं कुंपण तिथे जसंच्या तसं चालेल असं नाही. पण हत्तींना पुरेशी जागा दिल्याशिवाय आणि शेतकऱ्याचं नुकसान थांबवल्याशिवाय दोघांपैकी कुणीच टिकत नाही, हे अ‍ॅडो आणि नाइस्ना एकत्र पाहिल्यावर कळतं.

सफारीत काय नियम असतात?

अ‍ॅडोमध्ये स्वतःची गाडी घेऊनही फिरता येतं किंवा पार्कच्या उघड्या गाडीतून जाता येतं. वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही.

रस्त्यावर हत्तीचं शेण पडलेलं असेल तर त्यावरून गाडी नेऊ नका. त्यात इथले उडता न येणारे शेणकिडे असतात. त्यांना आधी जाऊ द्या, अशा पाट्याच पार्कमध्ये लावल्या आहेत.

बुकिंग करण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे?

१. हत्ती कुठे दाखवणार? राष्ट्रीय उद्यानात की खासगी जागेत पाळलेले? या रस्त्यावर हत्तींना हात लावू देणाऱ्या, त्यांच्यासोबत चालवणाऱ्या जागाही आहेत. तिथल्या पर्यटन व्यवसायाच्या 'साट्सा' या संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सिंहाच्या बछड्यांना कुरवाळणं, हत्तीवर बसणं, हत्तीसोबत चालणं या गोष्टी टाळा, असं त्यात म्हटलंय.

२. अ‍ॅडोमध्ये किती वेळ मिळणार? काही सहलींमध्ये फक्त दोन-तीन तास असतात. एक मुक्काम असेल तर पहाटेची आणि संध्याकाळची, अशा दोन्ही वेळा मिळतात.

३. बंजी, कयाक, व्हेलची बोट हे सगळं किमतीत धरलंय का? बहुतेकदा याचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

४. प्रवास विमा साहसी खेळांना लागू आहे का? अनेक साध्या पॉलिसींमध्ये बंजी वगळलेली असते.

५. विमान कुठून जाणार? पीतज्वराचा धोका असलेल्या देशात १२ तासांहून जास्त थांबा असेल, तर लसीचं प्रमाणपत्र लागतं. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. भारतीय पासपोर्टवर व्हिसाही आधी काढावा लागतो.

कधी जावं?

व्हेल पाहायचे असतील तर जून ते नोव्हेंबर. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंडी कमी झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत तिथे शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

अ‍ॅडोच्या हापूर पाणवठ्यावर एखाद्या गरम दुपारी डझनभर हत्ती पाणी प्यायला येतात. रीलसाठी शॉट छानच मिळतो. तो पोस्ट करताना त्याच रस्त्यावर मागे राहिलेल्या नाइस्नाच्या हत्तिणीबद्दलही दोन ओळी लिहिता येतील. तिचा व्हिडिओ कुणाकडे नसतो, म्हणून तिची गोष्ट फारशी शेअर होत नाही.