फाउल, पंच आणि लोण

फुटबॉलच्या मैदानावर धक्का लागून खेळाडू पडला की मडगाव असो वा कोल्हापूर, प्रेक्षकांतून एकच शब्द उठतो: फाउल! हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण तो आपल्याला अगदी परका नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता कुजलेलं, सडून वास मारणारं. संस्कृतातले 'पूति' आणि 'पूय' त्याच्याच गोत्रातले. मूळ भाषेतला 'प' संस्कृतात टिकला आणि इंग्रजीच्या पूर्वज-भाषेत त्याचा 'फ' झाला. म्हणून इकडे पितृ तर तिकडे फादर, इकडे पाद तर तिकडे फूट. जखमेतला मराठी 'पू' आणि मैदानावरचा 'फाउल' असे एका मुळावर जाऊन मिळतात.

सडलेलं ते ओंगळ, ओंगळ ते लबाडीचं, आणि लबाडीचं ते नियमाबाहेरचं, असा या शब्दाचा प्रवास झाला. फुटबॉलचा आजचा नियम मात्र लबाडीपाशी थांबत नाही. निष्काळजीपणे पाय घातला तर समोरच्याला फ्री किक, समोरच्याला होणाऱ्या इजेची पर्वा न करता घातला तर पिवळं कार्ड, आणि अवाजवी जोर लावला तर लाल. पहिल्या प्रकारात मनात पाप असायची गरजच नाही. दुर्गंधीचा शब्द साध्या चुकीला लागू झाला, ही मला त्याच्या इतिहासातली सर्वांत सुधारलेली पायरी वाटते.

आपल्या पोरांनी लबाडीच्या खेळाला वेगळं नाव दिलं: रडी. त्यात सडण्याचा वास नाही, हार न सोसणाऱ्याचं रडणं आहे. इंग्रजी शब्द कृत्याकडे बोट दाखवतो, मराठी शब्द थेट माणसाच्या स्वभावाकडे.

निवाडा करणाऱ्यांची नावंही बोलकी आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. भांडणाऱ्या दोघांतला तिसरा. इंग्रजीत त्याचा 'नम्पायर' झाला, आणि 'अ नम्पायर' म्हणता म्हणता 'न' मागच्या शब्दाला चिकटून 'अम्पायर' उरला. एकोणिसाव्या शतकातल्या फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचा आपापला अम्पायर असे. त्या दोघांचं जमलं नाही की वाद ज्याच्याकडे सोपवायचा, तो रेफरी. नावाचा अर्थच तो. 1891 मध्ये रेफरीला मैदानात आणलं गेलं आणि अम्पायर रेषेवर गेले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. मराठीत मात्र एकटा उभा असला तरी तो 'पंच'. गावकीत पाच जणांनी बसून दिलेल्या न्यायाचं वजन आपण त्या एका माणसाच्या खांद्यावर ठेवलं.

गुणांच्या शब्दांत माझा जीव 'लोण' या शब्दात अडकलेला आहे. इंग्रजी 'स्कोअर' म्हणजे मुळात काठीवरची खाच. मोजताना विसाला एक खाच पाडत, म्हणून त्याचा एक अर्थ वीस. आपल्याकडे त्याला कोडी म्हणतात. पण लोण हे मोजमाप नव्हे, ती आणायची वस्तू आहे. लवण, लोण, मीठ. लोणचं याच घरातलं, अळणीही. (लोणी मात्र नवनीतापासून आलेलं, त्याचा इथे संबंध नाही.) आट्यापाट्यांत एकामागे एक आखलेल्या पाट्यांवर प्रतिपक्षाचे गडी उभे असतात. त्यांना हुलकावण्या देत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं आणि तिथून लोण घेऊन तसंच परत यायचं. गुजरातीत या खेळाचं नाव खारोपाट, म्हणजे मिठाची खूण तिथेही आहे. मीठ मिळवून, वाटेतल्या पहारेकऱ्यांना चुकवून घरी आणणं हे खेळातलं यश ठरलं. मिठाचं मोल जाणणाऱ्या लोकांनीच हा खेळ रचला असणार, असं मला वाटतं.

एका टोकाचं दुसऱ्या टोकापर्यंत नेणं, या अर्थाने लोण खेळातून भाषेत आलं. वर्तमानपत्रांत ते रोज भेटतं, पण व्यसनाचं, भ्रष्टाचाराचं, दंगलीचं. ग्रंथालय चळवळीचं लोण खेडोपाडी पोहोचलं, असं लिहिलेलं क्वचित दिसतं. मैदानावर जे कमावायचं, ते बातमीत रोगासारखं पसरायला लागलं. ही त्या शब्दाची हानी आहे आणि ती भरून काढता येण्यासारखी आहे.

कबड्डीत तर लोण आजही जिवंत आहे. सातही गडी बाद झाले की प्रतिपक्षाला लोणाचे दोन जादा गुण मिळतात. 2014 पासून दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्या प्रो कबड्डीत त्याला 'ऑल आउट' म्हणतात. सर्व देशासाठीच्या प्रक्षेपणात ते समजू शकतं. मराठी समालोचनात मात्र 'लोण दिला' हेच ऐकू यावं. तालुक्याच्या मैदानावरचे पंच आणि खेळाडू अजून तेच म्हणतात.