बालाघाटची चांदी



बालाघाट म्हटले की मँगनीज आठवते, मलाजखंडचे तांबे आठवते; चांदी कोणाला आठवत नाही. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी मी चांदीच निवडली आहे. जो धातू आपल्या खाणींचा नाही आणि तरीही आपल्या मातीत सापडला, तो आपल्या पूर्वेतिहासाविषयी बरेच काही सांगू शकतो, अशी माझी धारणा आहे.

१८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा निर्माण झाला. पुढे तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या दोन मुलांमुळे एक ठेवा उजेडात आला. त्यात तांब्याच्या ४२४ वस्तू होत्या. त्यांचे वजन ८२९ पौंड भरले. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते, काही वाटोळे, काही शिंगे असलेल्या बैलमुखाच्या आकाराचे. ही चांदी सुमारे ८० तोळे होती. अशा ताम्रनिधींचा काळ अभ्यासक साधारणतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात धरतात. पुढे हा ठेवा विखुरला. त्यातील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, तर काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेल्या.

तांबे मलाजखंडच्या डोंगरात आहे. चांदीची प्राचीन खाण मात्र या जिल्ह्यात ज्ञात नाही. चांदी बहुधा शिशाच्या धातुकात दडलेली असते. धातुक भाजून व वितळवून आधी शिसे काढावयाचे, मग ते हवेच्या झोताखाली तापवावयाचे. शिशाची राख होऊन ती भट्टीच्या सच्छिद्र तळात मुरते आणि चांदीचा थेंब उरतो. म्हणूनच गुंगेरियाच्या पत्र्यांत मला दूरदेशीच्या देवघेवीची खूण दिसते.

भारतात शिसे, जस्त व चांदी यांचे प्राचीन क्षेत्र म्हणजे अरवली पर्वत. जावर, दरीबा व आगुचा येथील जुन्या खाणी इसवी सनापूर्वीच्या आहेत, हे त्यांतील लाकडांच्या कार्बन मापनावरून सिद्ध झाले आहे. जस्ताची गोष्ट तर अधिक बिकट. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन ते हवेत उडून जाते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी एका भट्टीत उलट्या बसवून ती वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरवली. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला ऊर्ध्वपातनाने जस्त काढण्याचे पेटंट मिळाले ते १७३८ साली. जावरचे काम त्याच्या काही शतके आधीचे.

ही विद्या लोपली कशी? मेवाडवरील मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी तो प्रदेश खिळखिळा झाला होता. १८१२-१३ च्या दुष्काळानंतर भट्ट्या विझल्या. आपण मराठी भाषकांनी हे प्रकरण टाळून पुढे जाऊ नये. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत जस्त काढण्याची कृती आहे. परंतु ज्यांच्या हातांनी मुशी घडल्या, त्यांनी स्वतः लिहिलेले काहीही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. विसाव्या शतकात जावरला पुन्हा काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंकची स्थापना झाली. आधुनिक भूशास्त्रज्ञांना वाट दाखविली ती या अनाम माणसांनी सोडलेल्या खड्ड्यांनी आणि मळीच्या ढिगाऱ्यांनी.

आपल्या जिल्ह्यातील भरवेली, उकवा व तिरोडी येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मँगनीजच्या खाणीत उतरत आली आहेत. दगडाचा आवाज ऐकून छत धोक्यात आहे हे ओळखणारे वृद्ध कामगार आजही आढळतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही अहवालात पुरते उतरलेले नाही. गुंगेरियाचा ठेवा पुरणाऱ्यांना आपण आता काही विचारू शकत नाही. यांना विचारू शकतो. शाळेने हे काम विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावे, त्या आठवणी लिहून घ्याव्यात व ग्रंथालयात जपाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.