मत विचारणं आणि मताला वजन देणं : तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या धोरणाची गोष्ट



आजच्या विषयाची सुरुवात एका आकड्याने करावी लागतेय, त्याला इलाज नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले. राज्यवार पाहिलं तर सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात आहे. असा आकडा जाहीर झाला की पुढे काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. समिती नेमली जाते. तिच्यात मनोविकारतज्ज्ञ असतात, प्राचार्य असतात, निवृत्त अधिकारी असतात. वीस वर्षांची एखादी मुलगी किंवा मुलगा त्या टेबलाभोवती सहसा नसतो.

हे आपल्याला खटकत नाही, कारण तशी सवय झाली आहे. आज आपण त्या सवयीचा इतिहास बघणार आहोत. ज्यांच्यासाठी योजना करायची त्यांना आधी विचारावं, ही कल्पना आली कुठून, कुठे टिकली आणि कुठे नुसती शोभेपुरती उरली, एवढाच आपला प्रश्न.

सुरुवात करू अमेरिकेतल्या एका तरुणापासून. क्लिफर्ड बीअर्स त्याचं नाव. येल विद्यापीठातून पदवी घेतलेला, चांगल्या घरचा. १९०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढची तीन वर्षं कनेक्टिकट राज्यातल्या तीन वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत गेली. तिथे त्याने मार खाल्ला, हातपाय जखडून ठेवणारा अंगरखा घालून काढलेल्या रात्री पाहिल्या. बरा होऊन बाहेर आल्यावर बहुतेक माणसं अशा गोष्टीवर पडदा टाकतात. बीअर्सने १९०८ मध्ये स्वतःच्या नावानिशी पुस्तक लिहिलं. विल्यम जेम्ससारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाचं पत्र त्याला प्रस्तावना म्हणून जोडलेलं होतं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, बीअर्सच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी एक राष्ट्रीय समिती उभी राहिली. म्हणजे बघा, आधुनिक मानसिक आरोग्य चळवळीचा एक मोठा झरा एका तरुण रुग्णाच्या अनुभवातून फुटला आहे.

पण पुढे काय झालं? १९२०च्या दशकात याच समितीच्या सहभागाने अमेरिकेत ठिकठिकाणी ‘बालमार्गदर्शन केंद्रं’ निघाली. काम मोलाचं होतं. वाह्यात ठरवलेल्या मुलाला शिक्षा करण्याऐवजी समजून घ्यावं, हा विचार त्या काळात नवाच होता. केंद्राची रचना ठरलेली असे : एक मनोविकारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक समाजकार्यकर्ती. तिघं मिळून मुलाचा अभ्यास करत, आईवडिलांची चौकशी करत, मग निष्कर्ष काढत. हीच पद्धत आपल्याकडेही आली. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, आज आपण ज्याला ‘टिस’ म्हणतो ती संस्था. १९३७ मध्ये तिथे बालमार्गदर्शन केंद्र निघालं. भारतातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक.

या केंद्रांचं ऋण आपण मानलंच पाहिजे. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवू. रुग्णाच्या आवाजातून निघालेल्या चळवळीने पंधरा-वीस वर्षांत जी खोली बांधली, तिच्यात तज्ज्ञांच्या तीन खुर्च्या होत्या आणि चौथी जागा तपासून घेणाऱ्याची होती. केंद्र कुठे असावं, कधी उघडं असावं, आत काय घडावं, हे मुलाला विचारण्याची पद्धत नव्हती. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. व्यवसाय जसजसा पक्का होत जातो, तसतसा अनुभवाचा आवाज मागे सरकतो. हे आपल्याला पुढेही दिसेल.

त्याच सुमाराला युरोपात एक माणूस वेगळ्या वाटेने चालला होता. वॉर्साचे बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक. १९१२पासून ते ज्यू मुलांचं अनाथालय चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं आणि न्यायाधीशही मुलंच. मोठ्यांवरही फिर्याद करता येई आणि खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिलेले आहेत. १९२६ साली त्यांनी एक वर्तमानपत्र काढलं, ज्यात मजकूर मुलांनी पाठवायचा. ऑगस्ट १९४२मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे नेलं तेव्हा कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले आणि परत आले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण असं. १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्कांच्या करारनाम्याचा प्रस्ताव ठेवला तो पोलंडने, म्हणजे कोर्चाकच्या देशाने. अकरा वर्षांच्या वाटाघाटींनंतर, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, तो मंजूर झाला. डिसेंबर १९९२मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्याचं बारावं कलम आपल्या विषयाचा कणा आहे. त्याचा आशय असा, की मुलाला स्वतःशी संबंधित सर्व बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचं वय व समज बघून त्या मताला योग्य वजन दिलं पाहिजे. यात दोन गोष्टी आहेत, विचारणं आणि वजन देणं. पहिली सोपी आहे. एक कागद वाटला, एक मेळावा घेतला की झालं. अडतं ते दुसऱ्या गोष्टीवर, कारण वजन द्यायचं म्हणजे स्वतःचा निर्णय बदलायची तयारी ठेवायची.

१९९२ मध्येच रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी एक छोटा निबंध लिहिला. त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आहे. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं एखाद्याला बसवणं. आपल्याकडच्या ‘युवा संवाद’ नावाच्या कार्यक्रमांत बसून ही शिडी मनात धरा, आपण नेमके कुठल्या पायरीवर आहोत ते लगेच कळतं.

वजन दिलं की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरने, म्हणजे गर्दने, मुंबई-पुण्याची कितीतरी तरुण मुलं ओढून नेली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. ज्याने स्वतः सगळ्या थापा मारून झाल्यात, त्याला कोण थाप मारणार? करारनामे, शिड्या यांचं नाव न घेता तिथे अनुभवाला जागा मिळाली आणि ती टिकली.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू, कारण तरुणांना सोबत घेऊन राष्ट्रीय पातळीवरची यंत्रणा उभी करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग तिथला. १९९२ मध्ये मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांसाठी वेगळी सेवा सुरू केली. तोवर अठरा-वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा गंभीर आजारी पडला, की त्याला वर्षानुवर्षं आजारी असलेल्या प्रौढांच्या वॉर्डात टाकलं जाई. आजूबाजूला पाहून त्याला वाटे, आपलंही आता असंच होणार. शिवाय बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते, आणि सेवांची फाळणी मात्र अठराव्या वर्षी : त्याआधी बालविभाग, नंतर प्रौढविभाग. सगळ्यात नाजूक वयात मुलगा दोन दारांच्या मध्ये उभा.

२००६ मध्ये तिथल्या सरकारच्या पैशातून ‘हेडस्पेस’ सुरू झालं, १२ ते २५ वयासाठी. आज त्याची दीडशेहून अधिक केंद्रं आहेत. केंद्रांना तरुणांचे सल्लागार गट आहेत आणि देशपातळीवरही एक गट आहे. जागा दवाखान्यासारखी वाटू नये, गुप्तता राहावी, खर्च परवडावा, या गोष्टींवर भर दिला गेला. एकाच दारातून मन, शरीर, व्यसन आणि शिक्षण-नोकरी अशा चारही अडचणींसाठी मदत मिळते. तरुणाच्या डोक्यात या गोष्टी वेगवेगळ्या नसतातच. तो आत येतो ते नोकरी गेली म्हणून, आणि बोलता बोलता कळतं की महिनाभर झोप नाही.

पण इतिहास सांगताना फक्त कौतुक करून चालत नाही. या केंद्रांची मूल्यमापनं झाली, त्यांत आढळलेली सुधारणा माफकच होती. जास्त गंभीर, गुंतागुंतीच्या अडचणी असलेली मुलं मधल्या मध्ये राहतात, ही टीकाही झाली. त्यातून आपल्याला एक खोचक प्रश्न मिळतो. सल्लागार गटात कोण येतं? जो बोलू शकतो तो. ज्याचं अंथरूण सुटत नाही, तो बैठकीला येत नाही. तरुणांना बोलावलं म्हणजे सगळे तरुण आले, असं होत नाही.

आपल्याकडे याची एक चांगली कसोटी झाली आहे. १९९६ मध्ये गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगात’ ही संस्था काढली. तिच्या एका प्रकल्पात गोवा आणि दिल्लीच्या शाळकरी मुलांशी बोलून मदतीची पद्धत घडवली गेली. भर आजाराच्या नावावर नव्हता. अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, आता करून काय बघू, अशा तीन पायऱ्या. २०१८ मध्ये दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतल्या २५१ मुलांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना चित्रमय पुस्तिका मिळाल्या. उरलेल्यांना पुस्तिकांबरोबर, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांशी चार-पाच भेटी मिळाल्या.

सहा आठवड्यांनी दोन मोजपट्ट्या लावल्या. एक होती तज्ज्ञांची, लक्षणं मोजणारी प्रश्नावली. तिच्यावर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दुसरी होती मुलांची. मुलाने सुरुवातीला स्वतःच्या ज्या अडचणी सांगितल्या होत्या, त्या आता किती छळतात? तिच्यावर भेटी मिळालेल्या मुलांत स्पष्ट फरक दिसला. कुठली पट्टी खरी, याचा वाद तज्ज्ञांनी जरूर घालावा. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की दुसरी पट्टी लावलीच नसती तर तो बदल कोणाला दिसलाही नसता. विचारल्यामुळे मोजायची गोष्टच बदलली. सहभागाचा खरा उपयोग हा.

आणि आपला कायदा? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने केंद्रीय प्राधिकरणात मानसिक आजार अनुभवलेल्यांच्या दोन प्रतिनिधींना जागा दिली. हे मोठं पाऊल आहे. तरुणांसाठी अशी राखीव जागा मात्र त्यात नाही. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. धोरणाचा नवा मसुदा होईल तेव्हा त्यात विद्यार्थ्यांचा शब्द दिसतो का, हे आपण नीट वाचलं पाहिजे.

“पण मुलांना काय कळतं?” असं कोणीतरी म्हणेलच. औषधाची मात्रा त्यांना कळत नाही, खरं आहे. समुपदेशकाच्या खोलीचं दार स्टाफरूमसमोर असल्यामुळे तिथे कोणी जात नाही, हे मात्र त्यांनाच कळतं.

तेव्हा जाताना आपण तीन प्रश्न सोबत नेऊ. आपल्या कॉलेजात किंवा गावात अशी समिती झाली तर विचारू : तरुण किती आहेत, आणि त्यांत इंग्रजी न येणारे, वसतिगृहातले, स्वतः त्रासातून गेलेले किती? त्यांच्या वेळेचा मोबदला दिला जातो का, की आपबिती सांगून घरी जायचं? आणि त्यांच्या सांगण्यावरून आजवर बदललेला एक तरी निर्णय दाखवता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपण अजून शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरच आहोत.

शेवटी एक गरजेची गोष्ट. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला किंवा कोणाच्या जवळच्याला आत्ता मदत हवी असेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आता आपण प्रश्नांकडे वळू. आज पहिला प्रश्न पंचविशीच्या आतल्या कोणीतरी विचारावा, अशी विनंती आहे.