कोकोनट ग्रोव्ह आणि आमच्या वाड्याचं मागचं दार



आपण सगळेच इथे जुन्या वाड्यांबद्दल हळहळतो. मीही. आज मात्र एका परक्या वास्तूबद्दल लिहितो, कारण तिच्यामुळे मला आमचाच वाडा नव्याने आठवला.

मुलीकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो. विल्शर बुलेव्हार्डवर एका मोठ्या शाळेसमोर जावई म्हणाले, "बाबा, रॉबर्ट केनेडींना इथेच गोळ्या घातल्या." जून १९६८ मधली ती रेडिओवरची बातमी मला आठवते. तेव्हा मी इंदूरला कॉलेजात जायच्या तयारीत होतो.

त्या जागी तेव्हा अँबॅसडर हॉटेल होतं, १९२१ साली सुरू झालेलं. त्यातला नाइटक्लब म्हणजे कोकोनट ग्रोव्ह. आत माडाची खोटी झाडं, त्यांवर खोटी माकडं. हॉलिवूडची बडी मंडळी तिथे नाचायला यायची. ऑस्करचे काही समारंभही तिथेच झाले.

१९४० च्या समारंभात हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड'साठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. पण हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा तिला आत घेतलं, आणि बसवलं कुठे? बाकी कलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर.

पुढे रया गेली. १९८९ मध्ये हॉटेल बंद पडलं आणि सिनेमाच्या शूटिंगपुरतं उरलं. ट्रम्प यांच्या भागीदारीचा तिथे १२५ मजली इमारत बांधायचा बेत होता, तोही बारगळला. जपायचं की पाडायचं, हा वाद बरीच वर्षं चालला. अखेर २००५-०६ मध्ये हॉटेल पाडलं आणि केनेडींच्या नावाची शाळा उभी राहिली. नाइटक्लबच्या जागी आता शाळेचं सभागृह आहे. जुनी एक भिंत राखली आहे. केनेडींनी शेवटचं भाषण केलं तो हॉल होता, तिथे वाचनालय आहे.

बँकेत असताना कर्जासाठी कितीतरी इमारतींचं मूल्यांकन मी तपासलं. जमीन, बांधकाम, घसारा, सगळ्याला रकाना असतो. कोणाला आत घेतलं आणि कोणाला नाही, याला नसतो.

आमचा वाडा भावाभावांनी मिळून विकला तेव्हा मी रडलो होतो. सागवानी खांब, चौकातली तुळस, झोपाळा, सगळं लिहून ठेवलंय. पण सफाईला येणारी बाई मागच्या बोळातून यायची, तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे कधी लिहिलं नाही. लहानपणी मीच कितीदा तो तांब्या धरलाय. तिचं नावसुद्धा आठवत नाही.

वाडा गेल्याचं दुःख आहेच. पण आठवणी लिहायच्या तर मागच्या दारासकट लिहाव्यात, असं आता वाटतं.

तुमच्या घरी काय रीत होती? मोकळेपणाने सांगा.