फाईलमध्ये नसलेला प्रश्न

लोणंद स्टेशनवर पुण्याची किंवा मिरजेची गाडी पकडायला हातात रिपोर्टची मोठी पिशवी घेऊन उभी असलेली जोडपी तुम्ही पाहिली असतील. त्यातल्याच एक ताई माझ्या बायकोच्या ओळखीच्या. (त्यांना विचारूनच लिहितोय, नाव-गाव विचारू नका.) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आता रोजची गोळी चालू. लोक म्हणतात, "सुटलीस बाई." घरात मात्र वर्षभर नवरा-बायको वेगळ्या खोलीत. त्याला वाटतं, हिला त्रास होईल. हिला वाटतं, आपण आता नकोशा झालो. डॉक्टरांनी विषय काढला नाही, यांनी विचारला नाही.

मंडळी, आपल्या मराठीत हा विषय काढणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्वेंचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी प्राध्यापकी गेली. जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. त्यात वाचक लैंगिक शंका विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, दंड झाला, पण मासिक 1953 पर्यंत, कर्वे जाईपर्यंत चाललं.

इकडे 1941 साली परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. त्या काळी जगभर अमेरिकन सर्जन हाल्स्टेडची पद्धत चाले. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळंच काढायचं. बाई जगली हेच पुष्कळ, बाकीचं कोण विचारतो? आता बऱ्याच जणींची फक्त गाठ काढून भागतं.

आणि गंमत बघा. ताई घेतात ती टॅमॉक्सिफेनची गोळी 1962 मध्ये ब्रिटनमध्ये डोरा रिचर्डसन या बाईंनी तयार केली, ती संततिनियमनाच्या औषधाच्या शोधात! त्या कामी उपयोग झाला नाही, कॅन्सरला मात्र झाला.

केमोने पाळी लवकर जाऊ शकते. हार्मोनच्या गोळ्यांनी, विशेषतः लेट्रोझोलसारख्या, कोरडेपणा येतो, संबंध दुखतात, इच्छा कमी होते. हा औषधाचा परिणाम आहे, बाईचा दोष नाही. पाण्याचा अंश असलेली जेल मेडिकलमध्ये मिळते. हार्मोनची क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पण गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्याही चालत नाहीत. निरोध किंवा हार्मोन नसलेली तांबी. आणि जवळ गेल्याने कॅन्सर लागत नाही, हे नवरेमंडळींनी लक्षात घ्यावं.

ताईंची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून फाईलला टाचणीने लावलाय. या वेळी नवराही डॉक्टरांच्या खोलीत आत जाणार आहे.